पुण्यात ल्युपस वाढतोय का? आधी मोजणी समजून घेऊ

"ल्युपसचे पेशंट हल्ली खूप वाढलेत" हे वाक्य पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी कानावर येतं, ओपीडीबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांकडून, लॅबमधल्या लोकांकडून, कधीकधी डॉक्टरांकडूनसुद्धा, आणि यातलं कुणी खोटं बोलतंय असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना खरंच जास्त पेशंट दिसतायत. पण "मला जास्त दिसतायत" आणि "शहरात जास्त लोकांना होतोय" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही, मध्ये बरंच काही आहे आणि त्या मधल्याच भागाबद्दल आज लिहितेय. मी आरोग्य सर्वेक्षणांचा डेटा तपासायचं काम करते, आणि माझ्या मावसबहिणीला ल्युपस आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही.

ज्यांना आजारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ल्युपस म्हणजे इथे एसएलई (सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, सगळ्या शरीरावर परिणाम करणारा ल्युपस) धरायचा. आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच शरीरावर उठते, मग सांधे, त्वचा, किडनी, रक्तातल्या पेशी, फुप्फुसाचं आवरण, मेंदू, कशालाही झळ बसू शकते. दर १० पेशंटमधल्या साधारण ९ बायका असतात आणि बहुतेकींना तो ऐन उमेदीच्या वयात, १५ ते ४५ च्या दरम्यान गाठतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जात नाही पण औषधांनी आटोक्यात राहतो. आणि मोजणीच्या दृष्टीने सगळ्यात अवघड गोष्ट ही की "हो, हा ल्युपसच" असं एका टेस्टवर सांगता येत नाही. डायबेटिसला साखरेचा आकडा आहे, कॅन्सरला बायॉप्सी आहे, ल्युपसला असं एक काहीच नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. एखादा आजार किती आहे हे सांगायला दोन वेगवेगळे आकडे लागतात आणि निम्मा गोंधळ ह्या दोघांची सरमिसळ केल्यामुळे होतो. वर्षभरात नवीन किती जणांना झाला तो इन्सिडन्स, आणि आजच्या घडीला एकूण किती जण तो घेऊन जगतायत तो प्रिव्हॅलन्स. पुणेकरांना हे समजवायला खडकवासला पुरेसा आहे. पावसाळ्यात आपण रोज वाचतो ना, आवक किती, साठा किती, विसर्ग किती, तसंच हे. इन्सिडन्स म्हणजे आवक, प्रिव्हॅलन्स म्हणजे साठा. साठा वाढला म्हणजे पाऊस जास्त झाला असं थोडंच आहे, विसर्ग कमी केला तरी साठा वाढतोच. ल्युपस पूर्ण बरा होऊन कुणी यादीतून बाहेर पडत नाही, त्यामुळे इथे यादीतून जाणं म्हणजे बहुतेक वेळा मृत्यू. १९५० च्या दशकात निदान झाल्यावर ५ वर्षं काढणारे पेशंट जेमतेम निम्मे असायचे, आज चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या आसपास लोक असतात. स्टेरॉइड आली, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आलं, किडनी वाचवणारी औषधं आली, डायलिसिस आलं. म्हणजे आवक जराही बदलली नाही तरी साठा वर्षानुवर्षं वाढतच जाणार, आणि ही वाढ खरं तर आनंदाची आहे कारण ती जगलेल्या बायकांची आहे.

ब्रिटनमध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं. तिथे जवळपास प्रत्येक माणूस एखाद्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदवलेला असतो आणि त्या नोंदी कॉम्प्युटरवर असतात, त्यातून १९९९ ते २०१२ ह्या काळाचा अभ्यास झाला. नवीन पेशंट वर्षाला लाखामागे ५ च्या किंचित खाली, आणि तो दरही दरवर्षी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घटत गेलेला. पण एकूण पेशंट लाखामागे ६५ वरून ९७ वर गेले. एकाच अभ्यासातून कुणी "ल्युपस घटला" अशी बातमी करू शकेल आणि कुणी "ल्युपस दीडपट झाला" अशी, दोन्ही आकडे खरेच, फक्त कुठला आकडा कशाचा आहे ते सांगितलं पाहिजे.

ह्या दोघांचं नातं ढोबळमानाने सोपं आहे, वर्षाची आवक गुणिले आजारासोबत माणूस सरासरी जितकी वर्षं जगतो ती वर्षं. लाखामागे वर्षाला ५ नवीन आणि प्रत्येकजण २० वर्षं जगला तर साठा १००. तीच ५ ची आवक आणि लोक ८ वर्षांतच जात असतील तर साठा ४०. म्हणून एखाद्या भागात प्रिव्हॅलन्स कमी दिसला की लगेच "आपल्याकडे हा आजार कमीच आहे" म्हणून निश्चिंत व्हायचं नसतं, पेशंट निदानाआधीच जात असतील तरी आकडा कमीच दिसतो. मला स्वतःला ही शक्यता सगळ्यात जास्त छळते, कारण सर्व्हेवाला दारात आला तेव्हा जी बाई हयातच नव्हती ती कुठल्याच रकान्यात येत नाही.

बरं, मग आवक तरी खरी कळते का? अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या सगळ्या लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी अनेक दशकं एकत्र जपून ठेवल्यात, त्यामुळे काळानुसार आजार कसा बदलला हे पाहायला संशोधक तिथे जातात. १९५० ते १९७९ मध्ये तिथे वर्षाला लाखामागे दीड नवीन पेशंट होते, १९८० ते १९९२ मध्ये साडेपाच. तिपटीहून जास्त! तोच परिसर, त्याच पद्धतीने ठेवलेल्या नोंदी. तर आजार खरंच तिप्पट झाला का? थोडा वाढलाही असेल, पण मधल्या काळात दुसरंही बरंच बदललं होतं. ल्युपसची पहिली लॅब खूण म्हणजे एलई सेल, ती १९४८ मध्ये सापडली आणि बघायला किचकट होती. एएनए ही रक्ततपासणी (आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी) १९५० च्या दशकाच्या शेवटी आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत सर्रास व्हायला लागली. आधी फक्त गालावर लाल चट्टा, किडनी गेलेली, अंथरुणाला खिळलेली अशीच पेशंट ल्युपस म्हणून ओळखली जायची, नंतर नुसते सांधे दुखणारी, अधूनमधून ताप येणारी, सौम्य आजाराची पेशंटही सापडू लागली. त्याच काळात तिथल्या पेशंटची जगण्याची शक्यताही बरीच सुधारलेली दिसली, त्यात औषधांचं श्रेय आहेच, पण मोजणीत सौम्य पेशंट शिरले की सरासरी आपोआप सुधारते हेही आहे. वाढीतला किती भाग आजाराचा आणि किती शोधण्याचा हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही, आणि जो कुणी ते छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडे मी जरा सावधपणेच बघते.

पुण्यात आज नेमकी हीच परिस्थिती आहे. पूर्वी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवात आणि ल्युपससारख्या आजारांचे डॉक्टर) हा शब्दही लोकांना माहीत नव्हता, सांधे दुखले की हाडाचे डॉक्टर, चट्टे आले की स्किनचे डॉक्टर. आता उपनगरांतही ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट बसतात, एएनए टेस्ट गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर होते, फॅमिली डॉक्टरही शंका आली की लिहून देतात. शोधणारे वाढले की सापडणारे वाढणारच, आणि हे चांगलंच आहे. फक्त त्याला "साथ" म्हणू नका.

एएनएबद्दल इथेच सांगून टाकते कारण ह्यावरून लोक फार घाबरतात. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नाही. १९९७ मध्ये अनेक देशांतल्या लॅबनी मिळून निरोगी लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा १:८० च्या पातळीला (म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही) साधारण १३ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह आले, १:४० ला तर जवळजवळ तिसरा हिस्सा. पुण्यासारख्या शहरात हौसेने हजारो लोकांची एएनए केली तर नुसत्या रिपोर्टच्या ढिगाऱ्यावरून भयंकर चित्र उभं राहील आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच झालेलं नसेल. म्हणून लॅबचे पॉझिटिव्ह रिपोर्ट मोजणं म्हणजे ल्युपस मोजणं नव्हे, ते फक्त कुणाची फाईल उघडून बघायची एवढंच सांगतात.

मग फाईल उघडल्यावर काय बघायचं? ह्यासाठी संशोधकांनी निकष ठरवलेत, आणि ते निकष दर काही वर्षांनी बदललेत: १९७१, १९८२, १९९७, २०१२, २०१९. हे बदल काय उलथापालथ करतात ते एका उदाहरणात बघा. समजा २४ वर्षांची एक मुलगी आहे, सकाळी उठल्यावर हाताचे सांधे आखडतात आणि सुजतात, केस मूठमूठ गळतायत, रक्तात पांढऱ्या पेशी दोनदा कमी आल्या, एएनए ठळक पॉझिटिव्ह. ह्या सगळ्याला दुसरं काही कारण सापडत नाही. १९९७ च्या निकषांत ११ पैकी ४ गोष्टी लागायच्या. सांधे एक, रक्त दोन, एएनए तीन, केसगळती त्या यादीत नाहीच. तीन झाले, चार नाहीत, म्हणजे मोजणीत ही मुलगी नाही. आता २०१९ चे निकष लावा, त्यात एएनए ही आत यायची अट आहे आणि नंतर प्रत्येक गोष्टीला गुण आहेत, बेरीज १० झाली की मोजायचं. सांध्यांचे ६, पांढऱ्या पेशींचे ३, केसगळतीचे २, झाले ११, आणि मुलगी मोजणीत आली. तीच मुलगी, तोच रिपोर्ट, तेच दुखणं, एका पट्टीने शून्य आणि दुसऱ्या पट्टीने एक. किडनीचंही तसंच, बायॉप्सीत तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाचा नेफ्रायटिस (ल्युपसमुळे किडनीला आलेली सूज) आला तर २०१९ मध्ये त्याला एकट्यालाच १० गुण आहेत, जुन्या पट्टीत किडनी हा ११ पैकी फक्त एक मुद्दा होता.

म्हणून वर्षांची तुलना करायची तर सगळ्या वर्षांना एकच पट्टी लावावी लागते, जुन्या फाईली परत काढून नव्या निकषांनी तपासाव्या लागतात किंवा नव्या फाईली जुन्या निकषांनी. २०१० चा आकडा एका पट्टीने आणि २०२२ चा दुसऱ्या पट्टीने काढून मधली रेघ वर चढवली तर ती रेघ आजाराची नसून पट्टीची आहे. आणि एक गोष्ट पेशंटांसाठी कळकळीने सांगते, हे निकष अभ्यासासाठी आहेत, घरी बसून स्वतःचे गुण मोजायला नाहीत. १० पेक्षा कमी असूनही डॉक्टर ल्युपस म्हणून उपचार करू शकतात, आणि ते बरोबरच असतं.

कॉम्प्युटरवरच्या नोंदींतून मोजायचं म्हटलं तर अजून एक खड्डा आहे. "ल्युपस" असं सर्च केलं की ल्युपस व्हल्गॅरिस येतो, तो त्वचेचा टीबी आहे. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट येतं, ती रक्त गोठण्यासंबंधीची टेस्ट आहे आणि ल्युपस नसलेल्यांतही पॉझिटिव्ह येते. फक्त त्वचेपुरता मर्यादित डिस्कॉइड ल्युपस येतो, त्याचा कोडच वेगळा आहे. टीबीच्या आयसोनियाझिडसारख्या औषधांमुळे येणारा आणि औषध थांबवलं की जाणारा ल्युपस वेगळा. आपल्याकडे टीबी इतका आहे की ह्यातली सरमिसळ परवडणारी नाही.

इथपर्यंत वरचा आकडा झाला, पेशंट किती. आता भागायचं कशाने? खालचा आकडा म्हणजे लोकसंख्या, आणि पुण्यात हीच खरी डोकेदुखी आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या थोडी वर, पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर, अख्ख्या जिल्ह्याची ९४ लाख. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, म्हणजे त्यानंतरचे सगळे आकडे अंदाजच. त्यात २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली, हद्दच बदलली. वरचे पेशंट नव्या हद्दीतले घेतले आणि भागताना जुनीच लोकसंख्या वापरली तर दर एका रात्रीत चढतो, एकही माणूस जास्त आजारी न पडता.

दुसरं म्हणजे पुण्यात उपचार घेणारे सगळे पुण्याचे नसतात. सातारा, सोलापूर, नगर, लातूर, नांदेड, कुठून कुठून लोक येतात, रात्रीची एसटी पकडून सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहतात. मोठ्या हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये ५०० नावं असली तर त्यातली किती पुण्यातली ते पत्ता बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पत्ता बघितला तरी तो बऱ्याचदा पुण्यातल्या नातेवाइकाचा टाकलेला असतो. म्हणूनच एकट्या हॉस्पिटलच्या आकड्यांवरून शहराचा दर काढता येत नाही, हॉस्पिटल कितीही मोठं असलं तरी.

तिसरं वय. ल्युपस तरुण बायकांचा आजार, आणि पुण्यात शिकायला आणि आयटीत नोकरीला येणाऱ्या तरुण मुली किती आहेत बघा, कोथरूड-कर्वेनगरची हॉस्टेलं, हिंजवडी-वाकडचे फ्लॅट. असं शहर आणि म्हातारी माणसंच मागे उरलेलं कोकणातलं गाव ह्यांची सरळ तुलना केली तर पुण्यात ल्युपस जास्त दिसणारच, जरी २५ वर्षांच्या मुलीला दोन्हीकडे धोका सारखाच असला तरी. ह्यावर उपाय म्हणून प्रत्येक वयोगटाचा आणि बाई-पुरुषांचा दर वेगळा काढतात आणि मग दोन्ही ठिकाणी वयांची विभागणी एकसारखी असती तर दर किती आला असता ते गणित करतात. बातमीत दर दिलाय आणि तो वयानुसार जुळवलेला आहे की नाही हे लिहिलेलं नसेल तर दोन शहरांची तुलना सोडून द्यायची.

मग घरोघरी जाऊन विचारलं तर? हे पुण्याजवळ फार सुंदर झालेलं आहे, संधिवाताच्या बाबतीत. सोलापूर रस्त्यावरचं भिगवण, तिथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने कॉपकॉर्ड नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने सर्व्हे केला. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठवलं, माणसाच्या आकृतीवर कुठे दुखतं ते खुणा करून घेतलं, आणि ज्यांना त्रास होता त्यांना डॉक्टरांनी तपासलं. ४,०९२ प्रौढ माणसं. १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्का म्हणजे चार हजारांत वीसेक पेशंट, वीस पेशंटांवरून काहीतरी बोलता येतं.

आता तोच सर्व्हे ल्युपससाठी वापरायचा विचार करा. अमेरिकेसारखा लाखामागे ७० चा दर धरला तरी चार हजार लोकांत सापडायला हवेत तीनच्या आत. एखादी मुलगी त्या दिवशी मामाकडे गेलेली असली की तीनाचे दोन होतात आणि दर एक तृतीयांशाने पडतो. ह्यात सर्व्हेचा काही दोष नाही, तो उत्तमच होता, आजार इतका विरळ आहे की त्या जाळीत अडकत नाही.

भारताचा म्हणून जो आकडा जगभरच्या लेखांत फिरतो तोही असाच आहे. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात डॉ. मालविया आणि सहकाऱ्यांनी केलेला सर्व्हे, १९९३ मध्ये छापून आला. ९० हजारांहून जास्त लोकसंख्या, पेशंट सापडले ३. म्हणजे लाखामागे ३ च्या आसपास. त्या काळात इतक्या लोकांपर्यंत पोचणं हे मोठंच काम होतं, मी त्याला कमी लेखत नाही. पण ३ ह्या आकड्यात योगायोगाला केवढी जागा असते बघा, गणिताने काढलं तर खरा दर लाखामागे एकापेक्षा कमी ते जवळजवळ १० पर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय सौम्य पेशंट तेव्हा तिथे ओळखली जाणं कठीण आणि गंभीर पेशंट हयात असणं कठीण. दुसऱ्या बाजूला, १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला मोजलं तेव्हा तिथल्या दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत ल्युपस गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघाला. आपलेच लोक तिकडे जाऊन जास्त आजारी पडतात की इकडे मोजले जात नाहीत? दोन्ही थोडं थोडं असेल, पण माझा कल दुसऱ्याकडे आहे. लाखामागे ३ हा दर पुणे शहराला लावला तर २०११ च्या लोकसंख्येत अख्ख्या शहरात ९५ च्या आत पेशंट निघतात, आणि ७० लावला तर २,२०० च्या आसपास. ह्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किती ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट हवेत, सरकारी दवाखान्यात किती औषध साठवायचं, सगळं ह्यावर ठरतं. २०२३ मध्ये जगभरच्या अभ्यासांवरून एक अंदाज आला, जगात साधारण ३४ लाख लोकांना ल्युपस आहे आणि दरवर्षी ४ लाख नवीन होतात, पण असे अंदाज जिथे मोजलंय तिथल्या आकड्यांवर उभे असतात, आपल्याकडचा भाग त्यात बराचसा गणिताने भरलेला असतो.

मग विरळ आजार मोजायचा कसा? घरोघर न जाता, पेशंट जिथे जिथे पोचतो ती सगळी दारं धरून बसायचं, ह्याला रजिस्ट्री म्हणतात. अमेरिकेत सीडीसी ह्या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने अशा पाच रजिस्ट्र्यांना पैसे दिले, अटलांटा आणि डेट्रॉइटच्या भागात, मग सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कचं मॅनहॅटन आणि अमेरिकेतल्या मूळच्या आदिवासी लोकांसाठी एक वेगळी. हॉस्पिटलं, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, किडनीचे आणि स्किनचे डॉक्टर, लॅब, डायलिसिसच्या नोंदी, सगळीकडून नावं गोळा केली आणि प्रशिक्षित माणसांनी एकेक फाईल वाचून निकष तपासले. त्यातून लाखामागे सुमारे ७३ हा आकडा आला, बायकांत १२९ आणि पुरुषांत १५, कृष्णवर्णीय बायकांत तर २३१. एका देशात, एका पट्टीने मोजूनही समाजगटांमध्ये एवढा फरक, म्हणून "देशाचा दर" ह्या एका आकड्याने फारसं काही कळत नाही.

रजिस्ट्रीतही सगळे सापडत नाहीतच. पण किती सुटले ह्याचा अंदाज काढायची एक छान युक्ती आहे, पक्षी आणि मासे मोजणारे लोक ती आधीपासून वापरतात. समजा हॉस्पिटलांच्या यादीत १२० पेशंट आहेत, खासगी डॉक्टरांच्या यादीत ८०, आणि दोन्हीकडे असलेली नावं ४८. म्हणजे डॉक्टरांच्या ८० पैकी ४८, ६० टक्के, हॉस्पिटलच्या यादीला सापडले होते. मग हॉस्पिटलची यादी एकूण पेशंटपैकीही साधारण ६० टक्केच पकडते असं धरलं तर १२० म्हणजे ६० टक्के, एकूण २००. आपल्याला नावानिशी सापडले १५२, म्हणजे ४८ जण कुठेच नाहीत. ही युक्ती चालायला दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात, डॉक्टरच सगळ्यांना त्याच हॉस्पिटलला पाठवत असतील तर आकडा फसतो.

आणि सगळ्यात आधी, दोन्ही यादीतलं नाव एकाच बाईचं आहे हे ओळखता यायला हवं. माझ्या रोजच्या कामातला सगळ्यात वेळखाऊ भाग हाच आहे. माझी मावसबहीण बार्शीची, सांधे दुखायला लागले तेव्हा अकरावीत होती, तिथल्या डॉक्टरांकडे पेपर वडिलांच्या नावाने. पुण्यात हॉस्टेलला आल्यावर निदान झालं, पत्ता हॉस्टेलचा, मोबाइल नंबर दादाचा. मग लग्न झालं, चिंचवडला गेली, मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, मोबाइल नवऱ्याचा, नव्या हॉस्पिटलात नवी फाईल. कॉम्प्युटरला ह्या तीन वेगळ्या बायका वाटतात. ल्युपस होतो तो नेमका लग्नाच्या वयात, त्यामुळे आपल्याकडे हा घोळ इतर आजारांपेक्षा फार जास्त होणार. नावावर भरवसा न ठेवता जन्मतारीख, माहेरचं नाव, पहिलं निदान कुठे झालं असं सगळं जुळवून बघावं लागतं. आणि मग प्रश्न उरतोच, ती कुठल्या गावची आणि कुठल्या वर्षाची नवीन पेशंट? साधारण पद्धत अशी की निदान झालं त्या दिवशी जिथे राहत होती ते गाव आणि निदानाचं वर्ष धरायचं, म्हणजे ती पुण्याच्या खात्यात, आजार बार्शीत सुरू झाला असला तरी. दुसरा कुठला नियम ठेवला तरी चालेल पण मग सगळी वर्षं तोच पाळायचा.

नवी रजिस्ट्री सुरू झाली की पहिल्या वर्षी आकडा हमखास फुगतो, कारण जुने पेशंट पहिल्यांदाच यादीत येतात आणि नवीन म्हणून मोजले जातात. शेवटच्या वर्ष-दोन वर्षांत उलटं होतं, आजार सुरू झालाय पण निदान व्हायचंय, म्हणून आकडा पडलेला दिसतो. २०२० मध्ये तर ओपीड्याच बंद होत्या, तेव्हा निदान कमी झालं म्हणजे आजार थांबला होता असं नाही. आणि योगायोगाचा भाग वेगळाच: ३१ लाखांच्या शहरात लाखामागे ५ ने वर्षाला १५५ नवीन पेशंट अपेक्षित धरले तर काहीही न बदलता तो आकडा १३० ते १८० च्या मध्ये हलू शकतो. एखाद्या वर्षी १५० चे १७५ झाले म्हणून घाबरायचं कारण नाही, चार लाखांच्या तालुक्यात तर ११ आणि २९ हे दोन्ही आकडे योगायोगानेच येऊ शकतात. म्हणून तीन-तीन, पाच-पाच वर्षं एकत्र करून बघतात.

हे आपल्याकडे जमणार नाही असं मात्र मला वाटत नाही. मुंबईत कॅन्सरची रजिस्ट्री १९६३ पासून आहे, बार्शीत ग्रामीण भागासाठी १९८७ पासून, रजिस्ट्रीची माणसं दवाखान्यांत आणि गावांत फिरून नोंदी आणतात. पुण्याजवळ वढू भागातल्या २२ गावांत केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर २००२ पासून जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं ह्याची नोंद ठेवतंय, म्हणजे खालचा आकडा नेमका ठेवणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. ल्युपसच्या पेशंटना वर्षानुवर्षं फॉलो करणारे गट देशात काम करतायत, त्यातून आजार कसा वागतो, किडनी कुणाची जाते, औषध कुणाला लागू पडतं हे कळतंय, फक्त त्यातून "लाखात किती" हे निघत नाही कारण ती हॉस्पिटलात पोचलेल्यांची यादी आहे.

पुण्यात सुरू करायचंच झालं तर माझ्या मते अख्खा जिल्हा घ्यावा, कारण महापालिकेची हद्द बदलत राहते, जिल्ह्याची तितकी बदलत नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, किडनी, स्किन, डायलिसिस सेंटर आणि मोठ्या लॅब, एवढी दारं धरली तरी बरेचसे पेशंट सापडतील. पहिली तीन वर्षं जुने पेशंट यादीत आणण्यातच जातील, त्या वर्षांचा "नवीन" आकडा छापूच नये. आणि रजिस्ट्री होईल तेव्हा होईल, तोवर डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवल्या तरी पुढचं अर्धं काम सोपं होईल: लक्षणं कुठल्या महिन्यात सुरू झाली, ल्युपसचं निदान कुठल्या तारखेला झालं, आणि त्या दिवशी पेशंट कुठे राहत होती, पिनकोडसकट. पेशंटांनी जुनी फाईल रद्दीत देऊ नका, लग्नाआधीच्या नावाची असली तरी, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना पहिला एएनएचा रिपोर्ट आणि बायॉप्सी झाली असेल तर तिचा कागद सोबत न्या.